नाक्यावरच्या दिव्याचा रंग

गिरगावातल्या आमच्या चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून असलेल्या गॅलरीच्या टोकाशी उभे राहिले की खालचा नाका पुरता दिसतो. डाव्या हाताला पानाची गादी, तिच्याशेजारी दुधाची डेअरी, समोरच्या जुन्या चाळीचे लाकडी कठडे, उजवीकडे ठाकूरद्वारच्या दिशेने वळणारा रस्ता आणि या सगळ्यावर वाकून उभा असलेला रस्त्यावरचा एक दिवा. २००९ सालापासून मी ही एकच चौकट रात्री रंगवत आले आहे. दिवसा बँकेतली नोकरी आणि संध्याकाळी घरचे काम आटोपले की चित्राला वेळ मिळे तो रात्री साडेनऊनंतरच, त्यामुळे रात्र हा विषय माझ्या वाट्याला आपसूक आला आणि पुढे त्याने मला सोडले नाही. आजवर या नाक्याची लहानमोठी साठेक चित्रे झाली, सगळी जलरंगात. ती परवा जमिनीवर ओळीने मांडली तेव्हा जे इतकी वर्षे तुकड्यातुकड्यांनी कळत होते ते एकदम समोर आले: शहरातल्या रात्रीला स्वतःचा असा रंग नसतो, रस्त्यावर कोणता दिवा जळतो आहे त्यावरून तो ठरतो, आणि दिवा बदलला की त्याच भिंती, तीच माणसे आणि तेच आभाळ वेगळ्या रंगांनी रंगवावे लागते.

पहिले चित्र मी गॅलरीतून न काढता खाली उतरून काढले. डेअरीच्या बंद फळ्यांसमोर स्टूल टाकले, मांडीवर पाटी घेतली, सोबतीला धाकटे दीर शेजारी उभे राहिले. वर दिवा होता तो सोडियमचा, ज्याला आमच्याकडे सगळे सरसकट ‘हॅलोजन’ म्हणत. त्याच्या पिवळ्या उजेडात कागद पिवळा दिसत होता, माझे हात पिवळे दिसत होते आणि पॅलेटमधला गॅम्बोजचा पिवळा रंग कागदावर लावला तरी लावल्यासारखा वाटत नव्हता, म्हणून मी तो पुन्हा पुन्हा लावत राहिले. निळा आणि काळा यांतला फरकही कळत नव्हता. दोन तासांनी चित्र पुरे झाले तेव्हा त्या दिव्याखाली ते अगदी समोरच्या नाक्यासारखे दिसत होते आणि मी समाधानाने वर आले.

सकाळच्या उन्हात ते कठड्याला टेकवून ठेवले आणि मला धक्का बसला. ज्या भिंती मी करड्या म्हणून रंगवल्या होत्या त्या शेवाळी हिरव्या निघाल्या, रस्ता भडक जांभळा झाला होता आणि दिव्याभोवती हळद सांडल्यासारखा पिवळा डाग पसरला होता. सासूबाईंनी चित्र निरखून पाहिले आणि “दुपार आहे का गं ही?” असे अगदी मनापासून विचारले. त्या प्रश्नाने मी फार खट्टू झाले, पण रात्रीच्या चित्रणाचा माझा खरा अभ्यास त्या सकाळी सुरू झाला.

असे का झाले ते समजून घ्यायला मला थोडे भौतिकशास्त्र वाचावे लागले. सोडियमच्या वाफेतून निघणारा प्रकाश ५८९ नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासच्या पिवळ्या पट्ट्यात एकवटलेला असतो. रस्त्यावर लावतात त्या उच्च दाबाच्या दिव्यांत हा पट्टा जरा रुंदावतो आणि त्यात थोडा लाल, थोडा हिरवा येतो, पण निळा अगदीच नावापुरता असतो. एखादा दिवा वस्तूंचे रंग किती खरे दाखवतो याचे एक माप आहे, त्यात सूर्यप्रकाशाला १०० धरतात आणि सोडियमच्या या दिव्यांना साधारण २० ते २५ मिळतात. निळ्या वस्तूवर निळा प्रकाशच पडला नाही तर ती परत काय पाठवणार? ती काळी दिसते. उलट पिवळी वस्तू आणि पांढरी वस्तू दोन्ही तो पिवळा प्रकाश सारख्याच जोमाने परतवतात, म्हणून त्या एकसारख्या दिसतात. माझ्या पॅलेटमधला अल्ट्रामरीन हा निळा रंग काळा दिसला आणि कागदावरचा पिवळा दिसेनासा झाला, त्यामागे एवढेच कारण होते. नाका त्या दिव्याखाली उभा होता, आणि माझा कागदही त्याच दिव्याखाली होता; पण चित्र मात्र लोक दिवसाच्या उजेडात पाहणार होते.

पुढे वाचनात आले की चित्रकार व्हॅन गॉगने सप्टेंबर १८८८मध्ये फ्रान्समधल्या आर्लहून बहिणीला लिहिलेल्या पत्रात नेमकी हीच अडचण सांगितली आहे. तिथल्या चौकातल्या कॅफेबाहेरची बैठक त्याने रात्री जागेवर बसून रंगवली, आणि अंधारात आपण निळ्याला हिरवा समजू शकतो, एका जांभळ्याऐवजी दुसरा जांभळा उचलू शकतो, हे तो मान्य करतो. तरीही काळीकुट्ट रात्र आणि तिच्यात फिकुटलेला पांढरट उजेड या ठराविक साच्यातून सुटायचे असेल तर जागेवर जाऊनच रंगवले पाहिजे, असे त्याचे म्हणणे आहे. त्या कॅफेच्या चित्रात काळा रंग वापरलाच नाही, हेही तो तिला आनंदाने कळवतो. ज्या चुकीने मी रडकुंडीला आले होते ती चूक त्याने आधीच गृहीत धरली होती आणि तिच्यासकट काम केले होते, हे वाचून मला जो धीर आला तो कोणत्याही वर्गातल्या धड्याने आला नसता.

उपाय मी दोन केले. पॅलेटमधल्या रंगांच्या जागा कायमच्या ठरवून टाकल्या, म्हणजे पेटी वाजवणारा जसा पट्ट्यांकडे न बघता बोटे टाकतो तसा ब्रश योग्य रंगावर जातो आणि डोळ्यांवर विसंबावे लागत नाही. दुसरे म्हणजे पाटीला एक छोटा चिमट्याचा दिवा लावला, पांढऱ्या उजेडाचा, आणि त्याच्यावर बटर पेपरची दुहेरी घडी गुंडाळली. हा दिवा फार उजळ असला तर कागदावरून नजर उचलताच समोरचा नाका काळा ठिक्कर दिसतो, आणि फार मंद असला तर रंग कळत नाहीत. मधली जागा सापडायला मला एक अख्खा हिवाळा लागला.

रविवारच्या जलरंगाच्या वर्गातले आमचे सर फार बोलत नसत. माझी रात्रीची चार-पाच चित्रे त्यांनी पाहिली आणि एवढेच म्हणाले, “ताई, ती काळी ट्यूब वर्षभर कपाटात ठेवून द्या.” मी ठेवून दिली आणि मग अंधार कशाने रंगवायचा हा प्रश्न खरोखर समोर उभा राहिला. ट्यूबमधला काळा कागदावर भोकासारखा दिसतो, कारण त्यात पुढे नजरेला शिरायला जागा नसते. नाक्यावरचा अंधार तसा कधीच नव्हता. त्यात पाहत राहिले की काहीतरी दिसे, आणि जे दिसे त्याला रंग असे. त्या रंगांना नावे देताना मला रंगपेटीवरची इंग्रजी नावे पुरेनात, तेव्हा आई साड्यांच्या दुकानात जी नावे घेत असे ती कामाला आली. पावसाळ्यात ढग खाली उतरतात आणि शहराचा सगळा पिवळा उजेड त्यांच्यावर पडतो तेव्हा गिरगावचे आभाळ रात्री अकरा वाजता अंजिरी असते. समोरच्या चाळीच्या जिन्यातला काळोख वांगी असतो. डेअरीच्या आतल्या ट्यूबलाइटचा उजेड शेजारच्या भिंतीवर पडतो तिथे सावलीला पारव्याच्या मानेसारखी झाक येते. माझ्या वहीत अजूनही अशाच नोंदी आहेत: ‘जिना वांगी, वर जाताना कॉफी’, ‘आभाळ अंजिरी, दक्षिणेकडे डाळिंबीकडे झुकते’.

हे रंग कागदावर आणायला फार रंग लागत नाहीत. अल्ट्रामरीन आणि तांबूस तपकिरी बर्न्ट सिएना यांच्या कमी-अधिक मिश्रणातून थंड काळोखापासून उबदार काळोखापर्यंतचे सगळे टप्पे मिळतात, आणि प्रशियन ब्लूमध्ये अलिझरीन क्रिमझन हा गडद लाल घातला की वांगी खोल काळोख तयार होतो. अवघड गोष्ट वेगळी आहे. जलरंग वाळल्यावर एक-दोन पायऱ्या फिका होतो, म्हणून ओला असताना जो काळोख बरोबर वाटतो तो सकाळी राखाडी झालेला असतो. मग पुन्हा वर थर द्यावासा वाटतो, दुसरा थर निभावतो, तिसऱ्याला चिखल होतो. गडद रंग पहिल्याच वेळी ताकाएवढा पातळ न ठेवता दह्याएवढा घट्ट घ्यायचा आणि ब्रश टेकवला की पुन्हा तिथे फिरकायचे नाही, हे हाताला शिकवायला मला तीनेक वर्षे लागली असतील. जुलैच्या दमट हवेत गॅलरीत बसले की कागद अर्धा तास वाळत नाही. सुरुवातीला मी यावर चिडत असे, आता त्याची वाट बघते, कारण तेवढ्या वेळात एक काळोख दुसऱ्यात इतक्या सावकाश मिसळतो की ब्रशने ते कधीच साधले नसते.

उजेडाचे गणित याहून कठीण. कागदाच्या पांढऱ्यापेक्षा उजळ काहीही माझ्याजवळ नाही, आणि खरा दिवा तर त्या कागदाच्या हजारो पट झगझगीत असतो. म्हणजे दिवा पेटल्यासारखा दिसायचा असेल तर बाकीचे सगळे चित्र खाली उतरवावे लागते. समोरची भिंत डोळ्यांना कितीही उजळ वाटली तरी तिला कागदाचा पांढरा द्यायचा नाही, तो फक्त दिव्यासाठी राखून ठेवायचा. शिवाय दिव्याभोवतीचे वलय नुसते पिवळे नसते. मध्ये कोरा कागद, त्याच्याभोवती लिंबाच्या सालीसारखा पिवळा, मग केशरी, मग विटकरी, आणि मग तो विटकरी आभाळाच्या अंजिरीत विरून जातो. ही पाच पावले ओल्या कागदावर एका दमात टाकावी लागतात.

या बाबतीत माझे डोळे उघडले ते म्हैसूरला. सावंतवाडीचे सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांचे हातात दिवा घेतलेल्या स्त्रीचे चित्र तिथल्या जगनमोहन पॅलेसच्या कलादालनात आहे. १९४५-४६च्या सुमारास त्यांनी ते स्वतःच्या मुलीला समोर उभे करून रंगवले. पुष्कळ लोक ते राजा रविवर्म्याचे समजतात याचे मला मराठी माणूस म्हणून वाईट वाटते, आणि त्याहून वाईट वाटते ते ते जलरंगात आहे हे फार थोड्यांना ठाऊक असते याचे. मी त्याच्यासमोर अर्धा तास तरी उभी होते. दिव्याची ज्योत त्या स्त्रीने तळहाताने झाकली आहे. आपल्याला दिसतो तो बोटांच्या कडांमधून झिरपणारा तांबूस उजेड, चेहऱ्यावर खालून चढणारा उजेड आणि मागे पडलेली सावली. दिवा कुठे आहे हे शोधावे लागत नाही आणि तरी ज्योत उघडी दाखवलेली नाही.

परत आल्यावर मी नाक्यावरचा दिवाच चौकटीतून काढून टाकला. कागदाची वरची कड त्याच्या खाली आणली आणि त्याचा उजेड ज्याच्या ज्याच्यावर पडतो तेवढेच रंगवायचे ठरवले. पानाच्या गादीवरची पितळी ताटली, सायकलच्या मडगार्डची कड, डेअरीच्या शटरच्या आडव्या घड्या, खाली उभ्या असलेल्या माणसाचे डोके आणि खांदे, आणि त्याच्या पायाशी गोळा झालेली त्याचीच बुटकी सावली. त्या वर्षीची चित्रे मला आजही सर्वांत जवळची वाटतात. दिवाळीत समोरच्या कठड्याला आकाशकंदील लागतात तेव्हाही हाच धडा उपयोगी पडला. कंदिलाच्या कागदामागचा बल्ब पांढरा दाखवला की कंदील फिका पडतो, म्हणून कंदिलाला पूर्ण भरदार लाल किंवा केशरी द्यायचा आणि बल्बच्या जागी तोच रंग थोडासा पातळ करायचा.

रात्री डोळे कसे बघतात हेही चित्र काढता काढता समजून घ्यावे लागले. उजेडातून अंधारात आल्यावर डोळे पूर्ण सरावायला वीस ते तीस मिनिटे लागतात, म्हणून मी घरातला दिवा बंद करून आधी नुसती बसते. अंधूक उजेडात दृष्टिपटलातल्या ज्या पेशी काम करतात त्या नजरेच्या अगदी मध्यावर नसतात, बाजूला असतात. गल्लीच्या काळोखात काय आहे ते बघायचे असेल तर तिच्याकडे थेट न बघता जरा शेजारी बघावे लागते. शिवाय उजेड उतरत जातो तसा लाल रंग लवकर काळवंडतो आणि निळसर-हिरवा त्या मानाने उजळ राहतो. एकोणिसाव्या शतकात यान पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञाने हे नोंदवले आणि आज ते त्याच्याच नावाने ओळखले जाते. आमच्या जिन्याच्या तोंडाशी, जिथे रस्त्याचा उजेड पोचत नाही, तिथल्या कुंडीतली जास्वंद रात्री काळी दिसते आणि पाने मात्र दिसत राहतात. अंधारातली जास्वंद लाल रंगवली तर ती दिवसाची जास्वंद होते.

आणि इतके करूनही समोर बघत रंगवणे हा एकच मार्ग नाही. एकोणिसाव्या शतकातला चित्रकार व्हिसलर लंडनच्या थेम्स नदीच्या रात्रीची चित्रे स्मरणातून रंगवत असे. तो दृश्य बराच वेळ बघे, मग पाठ फिरवून सोबत्याला ते तोंडी सांगे, काही राहिले असेल तर पुन्हा बघे, आणि घरी जाऊन रंगवी. याच मालिकेतल्या आतषबाजीच्या चित्रावर कलासमीक्षक रस्किनने केलेल्या टीकेमुळे १८७८ साली खटला झाला, व्हिसलर तो जिंकला आणि भरपाई म्हणून त्याला एक फार्दिंग, म्हणजे पाव पेनी, मिळाला. पण मला त्याच्या खटल्यापेक्षा ती पाठ फिरवून सांगण्याची रीत मोलाची वाटते. माझे यजमान जेवण झाल्यावर गॅलरीत बसतात, त्यांना मी सांगते: “डावीकडे एक मोठा अंधार, त्यात खाली एकच उजेडाची चौकट, उजवीकडे तीन लाल ठिपके, वरचा सगळ्यात लहान.” जे शब्दांत सांगता येत नाही ते मी नीट पाहिलेले नसते, असे दर वेळी आढळते. मोबाइलच्या फोटोवरून रंगवणे मात्र मी सोडून दिले. फोन रात्रीचा अंधार आपणहून उजळतो, दिव्यांचा रंग उडवून त्यांना पांढरे डाग करतो, आणि सावल्यांमधला सगळा वांगी-अंजिरी त्यात हरवतो.

पावसाबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण गिरगावची रात्र खरी रंगते ती पावसात. कोरडा डांबरी रस्ता वरून पडलेला उजेड चहूकडे विखुरतो आणि सगळा सारखाच मळकट तपकिरी दिसतो. त्याच्यावर पाण्याचा पातळ थर आला की तो दोन गोष्टी एकदम करतो: स्वतः कितीतरी गडद होतो आणि आरशासारखा उजेड परतवू लागतो. आरसा मात्र खडबडीत असतो, म्हणून दिव्याचे प्रतिबिंब गोल न पडता आपल्या दिशेने लांब ओढले जाते आणि त्याचा उभा पट्टा होतो. टॅक्सीच्या मागच्या दोन लाल दिव्यांचे दोन लाल पट्टे, सिग्नल बदलला की हिरवा पट्टा, डेअरीच्या ट्यूबलाइटचा फिकट निळसर पट्टा. नजर जितकी सपाट तितके हे पट्टे लांब आणि झळझळीत, त्यामुळे तिसऱ्या मजल्यावरून ते आखूड दिसतात आणि खाली रस्त्यावर उतरले की नाक्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पोचतात. चांगला पाऊस झाला की मी म्हणूनच खाली उतरते आणि डेअरीच्या पत्र्याखाली बसते.

हे रंगवताना रस्ता आधी पूर्ण ओला करायचा, त्यात गडद रंग घट्ट सोडायचा, आणि पाण्याची चमक जायला आली की स्वच्छ, दमट, चपट्या ब्रशने वरून खाली एकदाच ओढायचे. ब्रश रंग उचलतो, कागद उघडा पडतो आणि तिथे पट्ट्याचा रंग सोडायचा. चमक असताना ओढले तर रंग परत वाहून येतो, कागद कोरडा झाल्यावर ओढले तर ओरखडा उठतो. योग्य वेळ मिनिटभराचीच असते. प्रतिबिंब मूळ दिव्यापेक्षा एक पायरी तरी गडद ठेवावे लागते, ते विसरले की रस्ता हवेत तरंगतो. मेट्रोच्या कामासाठी गिरगावात काही वर्षे पत्रे उभे होते, तेव्हा नाक्याचा निम्मा रस्ताच दिसत नव्हता. त्या पावसाळ्यांत मी पत्र्यांवरून ओघळणारा उजेड रंगवला. ती चित्रे फार चांगली नाहीत, पण तो नाका तेव्हा तसाच होता.

मग दिवा बदलला. २०१९च्या पावसाळ्याआधी एका संध्याकाळी मी ऑफिसातून आले, गॅलरीत गेले आणि नाका ओळखू येईना. पिवळ्या दिव्याच्या जागी पांढरा एलईडी होता. मरीन ड्राइव्ह आमच्याकडून चालत पंधरा मिनिटांवर आहे, आणि तिथे २०१५ साली सोडियमचे दिवे काढून पांढरे लावले तेव्हा ‘राणीचा हार’ फिका पडला म्हणून केवढी ओरड झाली होती आणि पुढे पिवळसर उजेड परत कसा आला, हे मी पाहिले होते. आमच्या नाक्यासाठी कोण ओरडणार? त्या रात्री मी चित्र काढले नाही, आणि पुढचा महिनाभरही काढले नाही. दहा वर्षे शिकलेले रंग एका संध्याकाळी निरुपयोगी झाल्यासारखे वाटले. आभाळाचा अंजिरी उतरला होता, जिना वांगी राहिला नव्हता, सगळीकडे एक निळसर करडेपणा होता आणि सावल्यांच्या कडा कात्रीने कापल्यासारख्या दिसत होत्या.

बारकाईने बघायला लागले तेव्हा आणखी एक गोष्ट लक्षात आली. जुन्या दिव्याला खाली फुगीर काच होती, तिच्यातून उजेड आजूबाजूला आणि वरही सांडे. समोरच्या चाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यांचे लाकडी कठडे त्याच सांडलेल्या उजेडात रात्रभर तांबूस दिसत. नवा दिवा सपाट आहे आणि आपला सगळा उजेड रस्त्यावर टाकतो. विजेची बचत होते, रस्ता स्वच्छ दिसतो, आणि कठडे अंधारात गेले. माझ्या जुन्या चित्रांत जो वरचा अर्धा भाग उबदार तपशिलांनी भरलेला असे तो आता एक गडद पट्टा झाला आहे. याचे मला दुःख आहे आणि ते लपवण्याचे कारण नाही. उजेड जरा पिवळसर आणि थोडा मंद ठेवला असता तर रस्त्याचे काही अडले नसते, असे माझे ठाम मत आहे.

परंतु याआधीही असेच झाले असणार. मुंबईत रस्त्यांवर गॅसचे दिवे १८६५ साली लागले, त्याआधी तेलाचे दिवे होते; १८८२ साली क्रॉफर्ड मार्केट विजेने उजळले. त्या प्रत्येक वेळी कुणाच्या तरी परिचयाची एक रात्र संपली असेल. त्या रात्रींचे रंग टिपून ठेवलेली चित्रे माझ्या पाहण्यात फारशी नाहीत, आणि म्हणूनच माझ्या पिवळ्या दिव्याखालची चाळीसेक चित्रे मी आता जपून, मधे बटर पेपर घालून ठेवली आहेत.

पुन्हा ब्रश हातात घ्यायला लावले ते नाक्यावरच्या गजरेवाल्या मावशींनी. त्या रोज संध्याकाळी सातपासून रात्री दहापर्यंत पानाच्या गादीशेजारी टोपली घेऊन बसतात. दहा वर्षे मी त्यांची टोपली रंगवली होती ती एक फिकट पिवळा ठिपका म्हणून, कारण सोडियमच्या उजेडात मोगरा आणि अबोली दोन्ही त्याच एका फिकट पिवळ्या रंगाची दिसत आणि खालची पाने तपकिरी. एका रात्री गॅलरीतून सहज खाली पाहिले, तर टोपलीत अबोली अबोलीच्याच रंगाची दिसत होती. तिसऱ्या मजल्यावरून, रात्री नऊ वाजता. मी खाली गेले आणि त्यांना ते सांगितले, तेव्हा त्या म्हणाल्या, “व्हय ताई, आता गिऱ्हाईक लांबनंच बघून येतंय. आधी हातात देऊन सांगायला लागायचं, ही अबोली हाय म्हनून.”

तेव्हापासून माझे पॅलेट बदलले. बर्न्ट सिएना कोपऱ्यात गेला, कोबाल्ट ब्लू मध्यभागी आला, आणि कितीतरी वर्षांनी पहिल्यांदा मी रात्रीच्या चित्रात हिरवा पानासारखा हिरवा वापरू लागले. समोरून जाणाऱ्या बाईच्या साडीचा निळा आता निळा असतो. करड्या निळसर उजेडात हे छोटे रंग फार स्पष्ट बोलतात, आणि त्यांना जागा द्यायची तर आजूबाजूचा करडा अगदी शांत ठेवावा लागतो, एवढा शांत करडा मला अजून नीट जमत नाही.

सध्या पाटीवर जे चित्र आहे त्यात नाक्याचा वरचा अर्धा भाग सरळ काळोखात सोडला आहे. प्रशियन ब्लू आणि अलिझरीन, एकाच दमात, दह्याएवढा घट्ट. त्यात कठड्यांची एकच पुसट रेघ आहे, ती मला ठाऊक आहे म्हणून. खाली पांढऱ्या उजेडाचा त्रिकोण, त्यात मावशींचा पदर, त्यांचे वाकलेले डोके आणि टोपली. टोपलीतली अबोलीची जागा नखाएवढी आहे आणि ती अजून कोरी आहे. परवा मी त्यांच्याकडून एक गजरा आणून चिमट्याच्या दिव्याखाली ठेवला आणि वहीच्या पानावर कॅडमियम ऑरेंजमध्ये गुलाबी आणि पाणी घालून सात नमुने काढले. पाचवा जवळचा आहे, पण खालच्या उजेडात तो जरा जास्त केशरी होईल असे वाटते. आज त्या आल्या की वही घेऊन खाली जाईन आणि टोपलीशेजारी धरून बघेन.